खोलणे आणि जोडणे : सिमेंटच्या गिरणीची दुरुस्ती

शिवणयंत्र असो, भिंतीवरचे घड्याळ असो वा विहिरीवरचा पंप असो, जे यंत्र बिनतक्रार चालले आहे त्याला उगाच हात लावू नये, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे बजावीत आली आहेत, आणि या बजावण्यामागे भीतीपेक्षा अनुभवच अधिक असतो. नुसते तेलपाणी करावे, आतला केरकचरा झाडावा, एवढ्याच सद्हेतूने उघडलेले यंत्र पुन्हा जोडल्यावर पूर्वीसारखे चालत नाही. कोठे खडखड सुरू होते, कोठे तेल गळू लागते, कोठे एखादा भाग तापू लागतो. भाग तेच, जागा त्याच, स्क्रूही तेच. काही हरवलेले नाही आणि काही उरलेलेही नाही. असे असताना हा फरक उत्पन्न होतो तो कशामुळे?

हा केवळ घरगुती समज आहे असे मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, ज्यांत सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ प्रमुख होते, विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासून पाहिल्या, तेव्हा ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी एकदम वाढतात आणि मग दिवसेंदिवस उतरत जातात, असे त्यांच्या निदर्शनास आले. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्स या कंपनीतील नोलन आणि हीप या दोन अभियंत्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी सिद्ध केलेल्या अहवालात असे दाखवून दिले, की विमानाच्या ज्या भागांचा अभ्यास झाला त्यांपैकी ६८ टक्के भागांत बिघाडाचा संभव नवे बसविल्यानंतरच्या आरंभकाळात सर्वाधिक असतो व नंतर तो कमी होऊन स्थिरावतो. वडीलधाऱ्या माणसांचे म्हणणे निदान अर्धे तरी खरे आहे, हे यावरून मान्य करावे लागते.

परंतु उरलेले अर्धे तितकेच महत्त्वाचे आहे. काही यंत्रे अशी असतात, की ती न उघडणे हा पर्यायच नसतो, कारण त्यांचे कामच मुळी झिजण्याचे असते. दळणारी यंत्रे या वर्गात अग्रभागी येतात. अशा यंत्राची खोलजोड कशी होते हे नीट पाहिले, तर वरच्या कोड्याचे उत्तर आपोआप हाती येते. म्हणून येथे सिमेंटच्या गिरणीचे उदाहरण घेतले आहे.

गिरणीच्या पोटात

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या गावांच्या परिसरात, जेथे चुनखडी आणि कोळसा एकमेकांच्या जवळ सापडतात, सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तेथे चुनखडी व इतर द्रव्यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले, की काळसर, कठीण खडे तयार होतात; त्यांना क्लिंकर म्हणतात. हे क्लिंकर थोड्या जिप्समसह बारीक दळले म्हणजे सिमेंट होते. हे दळण आता नव्या प्रकारच्या उभ्या रोलर मिलमध्येही होते. तथापि अनेक वर्षे या कामाचा मुख्य आधार असलेले, आणि आजही ठिकठिकाणी चालू असलेले यंत्र म्हणजे बॉल मिल.

बॉल मिल म्हणजे आडवे ठेवलेले, स्वतःभोवती फिरणारे, पोलादाचे प्रचंड नळकांडे. आपण ४ मीटर व्यासाचे आणि १२ मीटर लांबीचे एक नळकांडे कल्पू. त्याच्या पोकळीचा जवळजवळ तिसरा हिस्सा पोलादी गोळ्यांनी भरलेला असतो, आणि या गोळ्यांचेच वजन २०० टनांच्या आसपास भरते. नळकांडे फिरू लागले की गोळे भिंतीबरोबर वर चढतात, एका उंचीवरून सुटून खाली कोसळतात आणि मध्ये सापडलेले क्लिंकर फोडतात. वेग फारच कमी असेल तर गोळे नुसते घसरत राहतील. फार वाढला तर ते भिंतीला चिकटून पूर्ण फेरा घेतील व काहीच दळले जाणार नाही. गोळे चिकटू लागतात त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. आपल्या ४ मीटरच्या नळकांड्यासाठी तो मिनिटाला सुमारे २१ फेरे इतका येतो, आणि गिरणी त्याच्या पाऊण पटीने, म्हणजे सुमारे १६ फेऱ्यांनी चालवितात.

आत दोन दालने असतात. पहिल्यात साठ ते नव्वद मिलिमीटर व्यासाचे मोठे गोळे भरड फोडतात. दुसऱ्यात लहान गोळे तीच भरड घासून बारीक करतात. आणि दोहोंच्या मध्ये फटी असलेली पोलादी जाळी उभी असते. गोळ्यांचा मारा नळकांड्याच्या अंगावर पडू नये म्हणून आतून सर्वत्र जाड पोलादी फरशा बोल्टांनी बसविलेल्या असतात. त्यांना लाइनर म्हणतात. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना पोकळ आस असतो, ज्याला कारखान्यात ट्रनिअन म्हणतात. हे दोन ट्रनिअन दोन बेअरिंगांवर टेकलेले असतात, आणि नळकांड्याभोवती बसविलेल्या मोठ्या दातेरी चक्राला एक लहान दातेरी चक्र फिरवीत असते. मोठे ते गर्थ गिअर, लहान ते पिनियन.

या रचनेत गोळे झिजून लहान होतात, लाइनर पातळ होतात, जाळीच्या फटी मोठ्या होतात, दाते झिजतात. हे सर्व बंद पोटात घडत असल्यामुळे बाहेरून दिसते ते एवढेच, की तेवढीच वीज खर्च होऊनही सिमेंट कमी निघते किंवा ते जाडसर येते. सिमेंट किती बारीक असावे यासाठी भारतीय मानकात किमान मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे या गोष्टीकडे कानाडोळा करणे शक्य नसते. गिरणी उघडावीच लागते.

थांबविणे हेही एक काम

खोलण्याचा आरंभ पाना हाती घेण्याने होत नाही. चालू गिरणीचे पोट शंभर अंशांच्या आसपास तापलेले असते. तिच्यात गोळ्यांचा दोनशे टनांचा भार असतो. आणि ती केवळ दोन टोकांवर टेकलेली असते. अशी तापलेली गिरणी थांबवून तशीच सोडून दिली, तर ती असमान थंड होऊन मध्यभागी किंचित वाकण्याचा संभव असतो. म्हणून मुख्य मोटर बंद झाल्यावर एका लहान मोटरने तिला ठरावीक वेळाने थोडे थोडे फिरवीत ठेवतात.

यानंतर बंदोबस्त. वीजपुरवठा तोडून तेथे कुलूप घालावयाचे, आणि जितकी माणसे आत उतरणार असतील तितकी कुलपे, प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात, असा शिरस्ता चांगल्या कारखान्यांत कसोशीने पाळला जातो. तथापि केवळ वीज तोडून भागत नाही. गोळ्यांचा ढीग एका बाजूस चढलेला असताना गिरणी थांबली, तर ती स्वतःच्या वजनाने उलट फिरू शकते. यासाठी ब्रेक आणि यांत्रिक अडसर हे दोन्ही लागतात. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये अशा कोंदट जागेत नेण्याच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली होती. घामाने भिजलेला मनुष्य चारी बाजूंनी लोखंडाने वेढलेला असताना घरगुती दाबाच्या विजेचा एक धक्का त्याच्या जिवावर बेतेल, हे या नियमाचे साधे कारण.

सैल करण्यापूर्वी मोजणे

आता आपण कोड्याच्या गाभ्याशी येऊन पोहोचतो. यंत्राचे भाग म्हणजे यंत्र नव्हे. भाग आणि त्यांचे परस्परसंबंध मिळून यंत्र होते; आणि पहिला बोल्ट सैल होताच जे नाहीसे होते ते भाग नव्हेत, तर हे संबंध. कोणती फट किती होती, कोणता दाता कोणत्या खाचेत होता, मोटरच्या पायाखाली किती जाडीच्या पत्र्या सारल्या होत्या, कोणता बोल्ट इतरांपेक्षा सैल आढळला, ही माहिती कोणत्याही एका भागावर लिहिलेली नसते. ती केवळ जोडलेल्या अवस्थेत अस्तित्वात असते आणि खोलताक्षणी विरून जाते.

वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या पायात असलेली वहाण जशी त्या पायाच्या घडणीने घासत जाऊन केवळ त्याच पायाला सुखाची होते, आणि तेच माप असलेल्या दुसऱ्या माणसाला ती टोचू लागते, तसेच एकमेकांवर घासणारे यंत्राचे दोन भाग दीर्घ सहवासाने एकमेकांच्या आकाराचे होत जातात. नकाशावर दोन बेअरिंगांच्या वाट्यांचे माप एकच असते. प्रत्यक्षात डाव्या टोकाची वाटी डाव्या ट्रनिअनशीच मिळालेली असते. अशी वाटी उजव्या टोकाला गेली तर भागांची यादी तंतोतंत जुळेल, आणि बेअरिंग मात्र तापेल.

म्हणून अनुभवी फिटर सैल करण्यापूर्वी मोजतो. पिनियन व मोटर एका रेषेत आहेत का, हे डायल गेज लावून तो पाहतो. दात्यांमधील मोकळीक पातळ पात्यांच्या फीलर गेजने तपासतो. पत्र्यांची जाडी लिहून ठेवतो. आणि जेथे दोन भाग एकमेकांना मिळतात तेथे दोहोंवर पंचाने जोडखूण उमटवितो. या सर्व आकड्यांची नोंदवही होते. पाहणाऱ्याला वाटते की अजून कामास हातच लागलेला नाही; वस्तुतः जोडणीचे निम्मे काम याच वेळी उरकलेले असते.

गोळे आणि लाइनर

गोळे काढण्यासाठी नळकांड्याच्या अंगावरील झडप उघडून तेथे जाळी बसवितात आणि गिरणी सावकाश फिरवितात. झडप खाली आली की गोळे बाहेर पडतात. मग ते आकारमानाप्रमाणे निवडले जातात, फुटके व अतिलहान बाजूला काढले जातात आणि तितक्याच वजनाचे नवे गोळे भरण्याची तजवीज होते. गोळ्यांच्या आकारांचे प्रमाण बिघडले, की दुसऱ्या दालनातले दळण बिघडते. त्यामुळे हे निवडण्याचे काम दिसते तितके हलके नाही.

लाइनर काढताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पहिल्या दालनात, जेथे मोठ्या गोळ्यांचा मारा जबर असतो, तेथे मॅंगनीज पोलादाचे लाइनर वापरण्याची जुनी पद्धत आहे. शेफील्डचे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली शोधलेले हे पोलाद ठोके खाऊन पृष्ठभागावर अधिकाधिक कठीण होत जाते. परंतु त्याच ठोक्यांनी ते थोडे पसरतेही. म्हणून नवे लाइनर बसविताना त्यांच्यामध्ये फट ठेवावी लागते. ज्याला हे माहीत नाही असा मनुष्य अधिक नेटके काम करावे या भावनेने लाइनर एकमेकांना भिडवून बसवितो. ते पसरून एकमेकांत रुतून बसतात, बोल्टांवर ताण येतो, आणि पुढच्या खेपेस ते काढताना गॅसने कापावे लागतात. शिवाय एका बाजूचेच लाइनर काढीत गेल्यास नळकांड्याचा तोल जातो आणि ते आपोआप फिरू पाहते. यासाठी ओळींचा क्रम आधी ठरवून, गिरणी प्रत्येक वेळी अडकवूनच काम करावे लागते.

मुद्दाम ठेवलेली मोकळीक

जोडणीतील पुष्कळ चुका हयगयीने होत नाहीत, अति काळजीने होतात, आणि त्यांतील मोठा वाटा मोकळीक बुजविण्याचा असतो. आपले १२ मीटरचे नळकांडे थंड स्थितीहून ८० अंशांनी तापले, तर पोलादाच्या स्वभावधर्माप्रमाणे ते ११ ते १२ मिलिमीटरने लांब होते. म्हणून गिरणीचे एक टोक बेअरिंगमध्ये जागच्या जागी धरलेले असते व दुसऱ्याला सरकण्यास वाव ठेवलेला असतो. ही जागा थंड यंत्रात रिकामी आणि म्हणून सदोष भासते. ती कोणी बुजविली, तर गिरणी तापल्यावर तिची लांबी बेअरिंगच्या कडेवर रेटा देऊ लागते.

दात्यांच्या मोकळिकीचेही तसेच. तेलाचा थर आणि तापलेल्या दात्यांची वाढ, दोहोंना जागा हवी; ती न ठेवल्यास दाते एकमेकांत आवळले जातात. थंड यंत्र जोडताना गरम यंत्र डोळ्यांपुढे ठेवावे लागते, आणि या कारागिरीतला अवघड भाग तोच आहे.

दोनशे टनांच्या खाली

बेअरिंग तपासावयाचे तर सारी गिरणी उचलावी लागते. तिच्या पोटाच्या गोलाईप्रमाणे घडविलेल्या पोलादी पाळण्याखाली हायड्रॉलिक जॅक लावून ती जरुरीपुरती वर घेतात, आणि लगेच खाली भक्कम आधार सारतात, कारण जॅकमधील तेलाच्या भरवशावर माणसाने त्याखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ होय. हे जड काम जे करतात त्यांना कारखान्यांत अजूनही खलाशी म्हणतात. इशारे देणारा मुकादम एकच असावा आणि इतर कोणी हुकूम देऊ नये, हा त्यांचा कडक नियम असतो.

बेअरिंगच्या वाटीला कथिलप्रधान, मऊ अशा पांढऱ्या मिश्रधातूचे अस्तर असते. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराच्या १८३९ च्या पेटंटवरून या जातीच्या धातूंना बॅबिट हे नाव पडले. येथे मऊपणा हा गुण आहे: तेलातून एखादा कण आत आलाच तर तो या धातूत रुतून बसतो आणि मौल्यवान ट्रनिअनवर ओरखडा उठत नाही. वाटी नीट टेकते की नाही हे पाहण्यासाठी ट्रनिअनला निळ्या रंगाचा अतिपातळ हात देतात, तो वाटीवर टेकवून किंचित फिरवितात व पुन्हा उचलतात. जेथे निळे ठिपके उमटले तेथे धातू उंच आहे. तेवढाच अंश स्क्रेपरने खरवडावयाचा, आणि ठिपके वाटीवर सारखे पसरेपर्यंत हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची. या कामाला घाई मानवत नाही.

गर्थ गिअर सामान्यतः दोन अर्धांचे असते. ते परत जोडताना सांध्यात धुळीचा पातळ थर राहिला तरी चक्राची गोलाई बिघडते आणि प्रत्येक फेऱ्यात एक ठोका बसू लागतो. म्हणून जोडल्यानंतर ते सावकाश फिरवून त्याचे डगमगणे डायल गेजवर मोजतात. गिरणी सदैव एकाच दिशेने फिरत असल्यामुळे दात्यांची एकच बाजू झिजते, आणि दुसरी जवळजवळ कोरी राहते. त्यामुळे असे गिअर खोलून उलट बाजूने बसविले तर त्याला दुसरे आयुष्य लाभते.

हळूहळू भार

जोडणी पुरी झाली म्हणजे यंत्र तयार झाले, ही समजूत सर्वांत घातक. आवळलेला बोल्ट वस्तुतः किंचित ताणला गेलेला असतो, आणि त्या ताणामुळेच तो भागांना धरून ठेवतो. नव्या लाइनरच्या पाठीवरचे बारीक उंचवटे गोळ्यांच्या माऱ्याने चेपले की लाइनर नळकांड्यावर आणखी घट्ट बसतो, तितकाच बोल्टाचा ताण उतरतो. काही तास गिरणी चालवून सारे बोल्ट पुन्हा आवळणे हा म्हणूनच दुरुस्तीचा अविभाज्य भाग आहे. हे राहून गेले, तर बोल्टाभोवती सिमेंटची भुकटी गळू लागते, सैल लाइनर हलू लागतो आणि नळकांड्याचेच पोलाद घासले जाते.

त्याच कारणाने गोळे एकदम भरीत नाहीत. उच्च दाबाच्या पंपाने ट्रनिअनखाली तेल घालून ते प्रथम तेलावर उचलून धरतात, गिरणी रिकामी फिरवितात, मग पाव, अर्धे, पाऊण आणि शेवटी पूर्ण गोळे, अशा पायऱ्या घेतात. प्रत्येक पायरीला बेअरिंगचे तापमान पाहतात, पिनियनच्या दात्यांचे तापमान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजतात. एक कड अधिक तापत असेल, तर दाते पूर्ण रुंदीने भार घेत नाहीत असे समजून थांबून दुरुस्ती करतात. नव्याने भेटलेल्या पृष्ठभागांना एकमेकांशी मिळण्यास जो अवधी लागतो, तो या पायऱ्यांतून दिला जातो.

| थोडक्यात |
|---|
| • यंत्र म्हणजे भाग अधिक त्यांचे परस्परसंबंध. खोलताना भाग उरतात, संबंध पुसले जातात. |
| • पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी मोजमाप, जोडखुणा आणि नोंद. |
| • झिजून एकमेकांना मिळालेले भाग जोडीनेच ठेवावेत. सारखे दिसतात म्हणून अदलाबदल करू नये. |
| • रिकामी दिसणारी जागा बुजविण्यापूर्वी यंत्र तापल्यावर तेथे काय होईल याचा विचार करावा. |
| • वीज, तोल आणि उचललेले वजन, तिन्हींचा स्वतंत्र बंदोबस्त. |
| • भार पायरीपायरीने. काही तासांनी बोल्ट पुन्हा आवळणे. |

वेळेचा हिशेब

आता आरंभीच्या कोड्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: उघडल्यामुळे यंत्र बिघडत नाही, उघडताना जे लिहून ठेवले नाही आणि मिटताना ज्याला अवधी दिला नाही, त्यामुळे ते बिघडते. या दोन्ही गोष्टींना लागतो तो वेळ. आणि बंद गिरणीचा प्रत्येक तास हा न झालेल्या उत्पादनाचा तास असल्यामुळे, दुरुस्तीची मुदत आखताना कात्री लागते ती नेमकी याच दोन ठिकाणी. लाइनर बदलण्याचे दिवस कोणी कमी करीत नाही, कारण ते काम डोळ्यांना दिसते. मोजण्याचा पहिला दिवस आणि भार चढविण्याचा शेवटचा दिवस मात्र मोकळा गेल्यासारखा भासतो.

ज्यांच्या हाती अशा मुदती ठरविण्याचा अधिकार आहे त्यांनी हे दोन दिवस दुरुस्तीच्या आराखड्यात प्रथम लिहावेत आणि बाकीची कामे त्यांच्या मध्ये बसवावीत. तसेच त्या दिवसांत सिद्ध झालेली नोंदवही एखाद्या साहेबाच्या कपाटात बंद न राहता, पुढच्या खेपेस जो फिटर पाना हाती घेईल त्याच्यासमोर ती उघडी असावी. गिरणी पुन्हा उघडावी लागणार हे निश्चित आहे; त्या वेळी काम करणारी माणसे कदाचित वेगळी असतील, आणि या माणसांनी जे जाणले ते त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचा दुसरा मार्ग नाही.